जर्व्हिस यांचें मराठी गणित

कॉलेजाच्या उंबरठ्यावर आलेल्या विद्यार्थ्यानें गणित कोणत्या भाषेंतून शिकावें, हा वाद आजकालचा समजला जातो. वस्तुतः मुंबई इलाख्यांत तो विश्वविद्यालय निघण्यापूर्वींच एकदां हातघाईवर आला होता. आणि पुस्तकें व विद्यार्थी ज्या पक्षापाशीं होते, तोच पक्ष पुढें मागें पडला.

१८२२ सालीं मुंबईंत एल्फिन्स्टन यांच्या आश्रयाखालीं शाळा व शाळापुस्तकें यांकरितां एक मंडळी स्थापन झाली. तिचे चिटणीस जॉर्ज जर्व्हिस हे लष्करी इंजिनियर. मोजणी व बांधकाम यांसाठीं सरकारास एतद्देशीय माणसें हवीं होतीं. त्यांना आधीं इंग्रजी पढवून मग भूमिती शिकविण्यापेक्षां भूमितीच मराठींत आणावी, असें जर्व्हिस यांनीं ठरविलें. वुलिचच्या सैनिकी विद्यालयासाठीं चार्ल्स हटन यांनीं रचलेला गणितग्रंथ त्यांनीं शास्त्र्यांच्या साहाय्यानें मराठींत उतरविला. काम सोपें नव्हतें. लीलावतीच्या परंपरेमुळें शब्दांची तितकी वाण नव्हती. व्यास, कर्ण हे तर घरचेच. अवघड होती ती वाक्यरचना. एका विधानावरून दुसऱ्यावर पाऊल टाकीत जाणारी युक्लिडी सिद्धता मराठी गद्याला नवीनच होती. तरीही १८२४ च्या सुमारास निघालेल्या इंजिनियरिंगच्या वर्गांत मराठी व गुजराथी मुलें हें गणित स्वभाषेंतून शिकलीं.

पुढें १८४० सालीं शिक्षणाचें बोर्ड आलें, व १८४३ पासून सर अर्स्किन पेरी त्याचे अध्यक्ष झाले. थोड्यांनाच शिकवा, पण इंग्रजींतून शिकवा, असें त्यांचें मत. पैसा तुटपुंजा होता, तेव्हां तें अगदींच टाकाऊ म्हणतां येणार नाहीं. जर्व्हिस हे बोर्डाचे सभासद होते. मनाला परिचित नसलेल्या भाषेंतून सर्वसामान्य शिक्षण देतां येणार नाहीं, असा लेखी अभिप्राय त्यांनीं १८४७ त नोंदविला. नाना शंकरशेट व बोर्डांतील इतर दोघे हिंदी सभासद त्यांच्या बाजूस उभे राहिले. मोजणीदार घडविण्यापुरता आरंभलेला उद्योग आतां साऱ्या समाजाच्या विद्येचा प्रश्न झाला होता! १८४८ त सरकारनें मोघम तडजोड सुचविली. १८५१ त जर्व्हिस वारले.

१८५७ त विश्वविद्यालय झालें, १८५९ त पहिली प्रवेशपरीक्षा झाली, आणि वरचें गणित इंग्रजींत गेलें. मराठीकडे राहिलें तें शाळेपुरतें. केरोपंत छत्र्यांसारख्या विद्वानानें मराठींत अंकगणित लिहिलें तेंही मुख्यतः तिथेंच कामास आलें. आजही दहावीपर्यंत ‘पाया, लंब, कर्ण’ म्हणणाऱ्या मराठी शाळेंतल्या विद्यार्थ्याच्या हातीं अकरावीच्या विज्ञानशाखेंत बहुधा इंग्रजी पुस्तक पडतें, आणि कर्णाचा हायपॉटेन्यूस होतो.