डोळ्याच्या आतील जंतुसंसर्ग : निदान आणि उपचार

डोळ्याच्या आतील पोकळीत होणाऱ्या जंतुसंसर्गास वैद्यकीय परिभाषेत एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात. डोळे येण्याच्या साथीशी त्याचा संबंध नाही. हा विकार क्वचित आढळतो. मात्र उपचारास एक दिवस उशीर झाला तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. मुंबईत जोगेश्वरी येथील महापालिका रुग्णालयात जानेवारी २०१९ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर झालेल्या संसर्गामुळे काही रुग्णांना त्या डोळ्याची दृष्टी गमवावी लागली होती.

शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गात जंतू बहुधा रुग्णाच्याच पापण्यांवरचे असतात. छिन्नी-हातोड्याचे काम करताना उडालेला लोखंडाचा कण किंवा शेतातील काडी डोळ्यात घुसल्यास मातीतील बॅसिलस जिवाणू आत शिरतो आणि काही तासांतच दृष्टिपटलाची हानी करतो. यकृतात गळू झालेल्या, विशेषतः मधुमेही रुग्णांमध्ये क्लेबसिएला जिवाणू रक्तावाटे डोळ्यापर्यंत पोहोचतो. अशा वेळी रोगाचे मूळ पोटात असते आणि तक्रार मात्र डोळ्याची असते. क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस हा जिवाणू शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिन्यांनी डोके वर काढतो, त्यामुळे ही साधी सूज असल्याचा समज होण्याची शक्यता असते.

अचानक अंधूक दिसणे, लाली, पापणी सुजणे आणि वेदना ही प्रमुख लक्षणे आहेत. वेदना नसली तरी संसर्ग नाही असे मानता येत नाही. बुबुळाच्या मागचा भाग दिसत नसल्यास डोळ्याची सोनोग्राफी करतात. खात्रीचे निदान मात्र डोळ्यातील द्रवाचा नमुना सुईने काढून प्रयोगशाळेत जंतूंची वाढ करूनच होते. क्युटिबॅक्टेरियम सावकाश व प्राणवायूविना वाढतो. त्यासाठी नमुना दोन आठवडे ठेवावा लागतो. जंतू वाढले नाहीत तर पीसीआर चाचणीची मदत होते.

अहवालाची वाट न पाहता व्हॅन्कोमायसिन व सेफ्टाझिडिम ही प्रतिजैविके थेट डोळ्याच्या पोकळीत टोचतात, कारण रक्तातून औषध तेथे पुरेसे पोहोचत नाही. नंतर अहवालानुसार औषध बदलतात. उदाहरणार्थ, नोकार्डिया या दुर्मीळ जिवाणूवर अमिकासिन वापरले जाते. अमेरिकेत ४२० रुग्णांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ज्यांना केवळ उजेड जाणवतो अशा रुग्णांना आतील दूषित द्रव काढण्याच्या तातडीच्या शस्त्रक्रियेचा, म्हणजे व्हिट्रेक्टॉमीचा, मोठा लाभ झाला. हा निष्कर्ष मोतीबिंदू व कृत्रिम भिंगाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गापुरता आहे. रक्तावाटे आलेल्या संसर्गात शिरेतून प्रतिजैविके देणे आणि मूळ आजार शोधणे अपरिहार्य ठरते.

प्रतिबंधाच्या दृष्टीने मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालय समूहाचा अनुभव महत्त्वाचा आहे. तेथील सहा लाखांहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रियांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन सोडल्यास संसर्गाचे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आल्याचे दिसून आले.