फक्त एकदाच ढकललं होतं

गेल्या महिन्यात नाशिकला एका मित्राच्या लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभा असताना मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. वळून पाहिलं तर इंजिनिअरिंगचा जुना वर्गमित्र. कॉलेज सुटल्यावर पहिल्यांदाच भेटत होतो, आणि माझ्या तोंडून त्याचं नाव येईना. म्हणजे डोक्यात एक नाव आलं होतं, पण ते घ्यायचं नव्हतं. ते होतं 'येरर'.

तिसऱ्या वर्षाला, २०१७ साली, त्याने सेमिनार दिला होता. विषय एरर करेक्शन कोड्स. पोरगा बीड जिल्ह्यातल्या एका गावचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम, अभ्यासात निम्म्या वर्गाला पुरून उरेल असा. पण 'एरर'चा उच्चार 'येरर' करायचा, आणि या विषयात तो शब्द दर वाक्याला येणार! मागच्या बाकावरून कुणीतरी चौदा सेकंदांची क्लिप काढली. रात्रीपर्यंत ती सगळ्या ग्रुपांवर. दुसऱ्या दिवशी तिला कुणी ढोलकी जोडली, तिसऱ्या दिवशी कुणी रिमिक्स केलं. महिन्याभरात तो कँटीनला यायचा बंद झाला. पुढच्या सेमिस्टरला होस्टेल सोडून बाहेर खोली घेऊन राहायला गेला.

ती क्लिप मीही माझ्या शाळेच्या ग्रुपवर टाकली होती. फक्त एकदाच.

असो. लग्नाहून परतल्यावर झोप लागेना, म्हणून वाचत बसलो. आणि वाचता वाचता पार कॅनडात जाऊन पोचलो. आजची गोष्ट तिथली.

जालावरच्या जुन्या मराठी मंडळींनी फॉरवर्ड केलेल्या मेलला एक झकास शब्द काढला होता, 'ढकलपत्र'. आलं, वाचलं, हसलो, पुढे ढकललं. ढकलणाऱ्याला वाटतं आपण काहीच केलं नाही, नुसता हात लावला. ही गोष्ट म्हणजे जगातल्या एका अतिप्रसिद्ध ढकलपत्राची.

क्युबेक प्रांतात माँट्रियल आणि क्युबेक सिटी यांच्या मधोमध त्र्वा-रिव्हिएर नावाचं शहर आहे. नोव्हेंबर २००२. तिथल्या शाळेच्या स्टुडिओत एका किशोरवयीन मुलाने कॅमेरा लावला. 'स्टार वॉर्स'मधला तो डार्थ मॉल आठवतोय? दोन्ही बाजूंनी पेटणारी तलवार फिरवणारा? तसा आव आणून या मुलाने गोल्फचे चेंडू उचलायची लांब दांडी घेतली आणि जेमतेम दोन मिनिटं ती गरागरा फिरवली. अंगाने जाडजूड, दम लागलेला, एकदा तोल जातो, पण भिडू रंगात आलेला. आपण बंद खोलीत आरशासमोर बॅट फिरवून सचिन होतो ना, अगदी तसंच. फरक इतकाच की आपल्या आरशात रेकॉर्डिंग होत नव्हतं.

टेप शाळेतच राहिली आणि मुलगा विसरून गेला. काही महिन्यांनी ती वर्गातल्या मुलांच्या हाती लागली. एप्रिल २००३ मध्ये त्यांनी तिची फाईल केली आणि जालावर सोडली.

आता इथे जरा थांबा आणि तारखा पाहा. फेसबुक आणि ऑर्कुट २००४ चं. यूट्यूब २००५ चं. व्हॉट्सॅप २००९ चं. म्हणजे २००३ साली 'लाइक'चं बटण नव्हतं, फीड नव्हती, 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणणारा अल्गोरिदम नव्हता. हल्ली काहीही झालं की आपण (आम्ही सॉफ्टवेअरवाले तर हमखास) अल्गोरिदमच्या नावाने खडे फोडतो. पण ही फाईल अल्गोरिदमने नाही पसरवली. कुणीतरी हापिसात बसून ती उतरवून घेतली आणि दहा मित्रांना मेल केली, त्यांनी आणखी दहांना. फाइल शेअरिंगवरून हातोहात गेली. लोकांनी त्या दांडीला रंगीत प्रकाश दिला, मागे संगीत घातलं, त्याला 'मेट्रिक्स'मध्ये नेऊन बसवलं. पुढे टीव्हीवरच्या विनोदी मालिकांनीही त्याची नक्कल केली. २००६ साली एका मार्केटिंग कंपनीचा अंदाज होता की ती चित्रफीत ९० कोटी वेळा पाहिली गेली असावी.

आणि या सगळ्यात त्या मुलाला नाव काय? 'स्टार वॉर्स किड'. बस्स.

गंमत म्हणजे हसणाऱ्यांत सगळे दुष्ट नव्हते. बरेच जण त्याच्यावर खूष होते. काही ब्लॉगवाल्यांनी वर्गणी काढून त्याला आयपॉड भेट दिला. पुढच्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात त्याला छोटीशी भूमिका द्या म्हणून हजारोंनी अर्जावर सह्या केल्या. हे लोक मनापासून प्रेमाने वागत होते. पण या प्रेमाने फाईल आणखीच पसरली, आणि तिकडे शाळेत काय चाललंय हे त्यांच्यातल्या कुणालाच दिसत नव्हतं.

काय चाललं होतं ते त्या मुलाने दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, एका कॅनेडियन मासिकाला स्वतः सांगितलं. शाळेच्या हॉलमध्ये मुलं टेबलावर चढून त्याला शिव्या द्यायची. होते नव्हते ते मित्र गेले. शाळा बदलावी लागली. जीव दे, असं लोक जालावरून सांगत होते. त्याकडे दुर्लक्ष करायचा त्याने खूप प्रयत्न केला, पण आपण कवडीमोलाचे आहोत ही भावना काही जाईना. टीव्हीवाले बोलावत होते, तोही नाही म्हणत राहिला. त्यांना आपल्यात सर्कशीतला प्राणी दिसतोय हे त्याला कळत होतं.

आता प्रश्न असा की याला नेमकं म्हणायचं काय? थट्टा? चेष्टा? छळ? कारण नाव दिल्याशिवाय ओळखता येत नाही. आम्ही दर वर्षी कॉलेजात रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरून द्यायचो. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. पण रॅगिंग म्हणजे सिनियरने रात्री होस्टेलवर ज्युनियरला उठाबशा काढायला लावणं, अशी आमची पक्की समजूत. वर्गातल्याच पोराची क्लिप? छे, ती तर 'मस्ती'.

या बाबतीत एका माणसाचं ऋण मोठं आहे. डॅन ओल्वेअस, जन्माने स्वीडिश, नॉर्वेतल्या बर्गनमध्ये काम केलेला मानसशास्त्रज्ञ. १९७० च्या दशकात, जेव्हा 'पोरं आहेत, भांडणारच' असं सगळं जग म्हणायचं, तेव्हा त्याने शाळेतल्या छळाचा शिस्तीत अभ्यास सुरू केला. १९८२ साली नॉर्वेत शाळकरी मुलांच्या आत्महत्यांनी देश हादरला आणि १९८३ मध्ये सरकारने शाळांमध्ये देशव्यापी मोहीम हाती घेतली. त्या कामात ओल्वेअस होता. छळ ओळखायच्या त्याने तीन खुणा सांगितल्या. एक, दुखवायचा हेतू. दोन, पुन्हापुन्हा होणं. तीन, ताकदीचा असमतोल, म्हणजे ज्याला त्रास होतोय त्याला सहजी उलट उभं राहता येत नाही. तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. बरोबरीच्या दोघांचं कडाक्याचं भांडण हा छळ नव्हे.

जालावर या तिन्ही खुणा फसव्या होतात. हेतू? माझा हेतू शाळेच्या मित्रांना हसवायचा होता. पुन्हापुन्हा? छे, मी एकदाच टाकली. ताकद? मी काही दादा नव्हतो, उलट स्वतःच घाबरट. म्हणजे माझ्या बाजूने पाहिलं तर तिन्ही रकाने कोरे. पण समोरच्याच्या बाजूने पाहा. शंभर जणांनी एकेकदा ढकललं की त्याच्यासाठी ते शंभर वेळा होतं. तो एकटा आणि समोर अख्खा वर्ग, की झाला असमतोल. शिवाय शाळा निदान साडेपाचला सुटते, फोन सुटत नाही. म्हणून जालावर छळ ओळखायचा तर करणाऱ्याकडून मोजून चालत नाही, सोसणाऱ्याकडूनच मोजावा लागतो.

स्वतःवर वेळ आली तर ओळखायच्या काही साध्या खुणा मला यातून सापडल्या. बोलणं तुम्ही केलेल्या गोष्टीवरून सरकून तुमच्या अंगावर, जातीवर, भाषेवर, घरावर आलंय का? तुम्ही गप्प बसलात तरी ते थांबत नाही ना? बघ्यांची संख्या वाढतेय का? फोन वाजला की पोटात गोळा येतोय का? आणि तुमचं नाव जाऊन दुसरंच काही चिकटलंय का? यातल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर 'जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस' हा सल्ला केराच्या टोपलीत टाकावा.

उलट नुसतं न पटणारं, झोंबणारं बोलणं म्हणजे छळ नव्हे. ही सीमारेषा पुसली की काय होतं हे आपण महाराष्ट्रात पाहिलंय. आयटी कायद्याचं ६६अ कलम 'त्रासदायक' संदेशांनाही गुन्हा ठरवत होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदवर एका मुलीने फेसबुकवर मत लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं. पालघर पोलिसांनी दोघींना अटक केली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. म्हणजे छळापासून वाचवणारं म्हणावं असं कलम जमावाच्याच हातात काठी होऊन आलं. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये ते रद्द केलं ते बरंच झालं. धमकी, पाठलाग, खाजगी फोटो पसरवणं यांसाठी वेगळी कलमं आहेत, आणि तक्रार नोंदवायला केंद्र सरकारचं सायबर गुन्ह्यांचं पोर्टलही आहे. तिथे जायचं तर पुरावा हवा. म्हणून पहिलं काम, चिडून किंवा लाजून काही डिलीट करण्याआधी तारीख-वेळ-खात्याच्या नावासकट स्क्रीनशॉट. दुसरं काम, जमावाला उत्तर देत न बसणं. जमावाला उत्तर नको असतं, नवा मसाला हवा असतो. तिसरं, कुणातरी एका माणसाला सांगणं. आणि मन फारच खचलं असेल तर १४४१६ हा सरकारचा 'टेलि-मानस' मदत क्रमांक २०२२ पासून चालू आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

कॅनडातला तो मुलगा कसा तरला? एका फटक्यात काहीच झालं नाही. आईवडिलांनी जुलै २००३ मध्ये फाईल पसरवणाऱ्या काही सहाध्यायांच्या कुटुंबांवर अडीच लाख कॅनेडियन डॉलरचा दावा लावला. एप्रिल २००६ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. त्यातून चित्रफीत जालावरून गेली नाही, जाणारही नव्हती. पण 'हे चुकीचं झालं' असं त्याच्या बाजूने जाहीरपणे म्हणणारं कुणीतरी होतं. पुढे त्याने मॅकगिल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. आपल्या गावाचा सांस्कृतिक वारसा जपणाऱ्या संस्थेचा तो अध्यक्षही झाला. २०१३ मध्ये जालावरच्या छळाच्या इतर बातम्या गाजत असताना तो आपणहून बोलला. अशा मुलांना त्याचं सांगणं इतकंच होतं की यातून बाहेर पडता येतं, आणि तुम्ही एकटे नाही. २०२२ साली कॅनडाच्या राष्ट्रीय फिल्म बोर्डाने त्याच्यावर माहितीपट काढला, त्यातही तो स्वतः आहे.

त्याचं नाव घिस्लेन राझा. मी हा लेख लिहायला बसेपर्यंत मला ते माहीत नव्हतं. क्लिप मात्र दहावीत असल्यापासून माहीत होती.

आता परत नाशिकला. आम्ही ताटं घेऊन कडेच्या खुर्च्यांवर बसलो. तो आता बंगळुरूला असतो, बायको डॉक्टर, मजेत आहे. इकडचं तिकडचं झालं. मग मीच विषय काढला. म्हटलं, तेव्हा आम्ही जे केलं ते वाईट होतं रे, सॉरी. मीही ती क्लिप एकदा...

"माहितीये," तो म्हणाला. "तुझ्या शाळेच्या ग्रुपवर. त्यातला एक जण माझ्या मावसभावाचा रूममेट होता. त्याने भावाला दाखवली, भावाने घरी. कॉलेजातलं मी कॉलेजात सहन करत होतो रे. आमच्या आईला कळलं ते तुझ्यामुळे."

रागाने नाही बोलला. पोळीचा तुकडा मोडत, सहज सांगितल्यासारखं बोलला. त्याची आई त्या वेळी म्हणाली होती की शिकायला एवढ्या लांब पाठवलं, तर लोक पोराला हसतात. मग ती रात्रीच्या बसने पुण्याला आली आणि चार दिवस त्याच्या खोलीवर राहिली, स्वयंपाक करून घालत. "त्या चार दिवसांमुळे मी कॉलेज सोडलं नाही," तो म्हणाला. "तेव्हा तुला थँक्यू म्हणायचं की काय, ते मला अजून कळलेलं नाही."

मलाही कळलेलं नाही.

परवा आमच्या हापिसच्या ग्रुपवर एका नव्या मुलीच्या प्रेझेंटेशनमधल्या फोटोचं स्टिकर आलं. डोळे अर्धे मिटलेले, खाली काहीतरी विनोद. अकरा जण हसले होते. मी तिला नावाने हाक मारून लिहिलं, प्रेझेंटेशन चांगलं झालं. आणि खाली लिहिलं की ते स्टिकर काढून टाका. पाच मिनिटं ग्रुपवर सामसूम. मग एक जण म्हणाला, विनोदबुद्धी वाढवा साहेब. स्टिकर मात्र गेलं.

माझ्या मित्राला विचारलं होतं, तुझ्याबद्दल लिहू का? लिही म्हणाला, पण नाव नको. म्हणून इथे त्याचं नाव नाही. मला ते आता पाठ आहे.