परदेशांतील धांव आणि पाहुण्याचें ऋण

परक्या देशांत गेलेला प्रवासी राजवाडे, वस्तुसंग्रहालयें व बाजार पाहून परत येतो. परंतु तेथील माणसांच्या नित्य जीवनांत त्याला क्वचितच शिरावयास सांपडतें. जीं दारें त्याला उघडतात तीं बहुधा पैशानें उघडतात. या नियमाला अलीकडे एक अपवाद निर्माण झाला आहे. शनिवारीं सकाळीं एखाद्या सार्वजनिक उद्यानांत जावें, तेथें जमलेल्या स्थानिक मंडळींबरोबर पांच किलोमीटर धांवावें किंवा चालावें, आणि मग त्यांच्यासह कॉफीचा पेला घ्यावा, अशी सोय आज कित्येक देशांत आहे. हा प्रकार वरकरणीं क्षुल्लक वाटेल. पण परक्यास आपल्या पंक्तीला कोण घेतो व कोणत्या अटीवर घेतो, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. म्हणून या धांवेचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

मंडळी जमवून रानोमाळ धांवण्याच्या या चालीचें मूळ इंग्लंडांतील शाळांत सांपडतें. श्रूझबरी येथील शाळेंतील मुलें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत शिकारीची नक्कल करीत. कांहीं मुलें 'ससे' होऊन कागदाचे कपटे टाकीत पुढें पळत. बाकीचीं 'शिकारी कुत्रे' होऊन त्या मागावरून त्यांचा पाठलाग करीत. पुढें हा खेळ प्रौढांनीं उचलला. हिवाळ्यांत व्यायाम हवा म्हणून नावा वल्हविणाऱ्या कांहीं तरुणांनीं १८६८ सालीं लंडनजवळ 'थेम्स हेअर अँड हाउंड्स' ही मंडळी स्थापन केली.

इंग्रज राज्य करावयास जेथें गेला, तेथें आपले खेळहि घेऊन गेला. १९३८ सालीं मलायांतील क्वालालंपूर येथें गिस्पर्ट नांवाच्या हिशेबनिसानें व त्याच्या मित्रांनीं हीच मागावरची धांव सुरू केली. ज्या ठिकाणीं ते जेवत, त्याला तेथील बेचव अन्नामुळें थट्टेनें 'हॅश हाउस' म्हणत. त्यावरून मंडळीचें नांव 'हॅश हाउस हॅरियर्स' असें पडलें. मागांत मुद्दाम खोटे फांटे ठेवलेले असत. त्यामुळें वेगवान गडी भलतीकडे जाऊन परत येई, तोंवर मंद गडी त्याला गांठी. आणि शेवटीं सर्वजण मिळून बिअर पीत. गिस्पर्ट फेब्रुवारी १९४२ मध्यें सिंगापूरच्या लढाईंत पडला, पण युद्धानंतर मित्रांनीं त्याचा खेळ पुन्हां सुरू केला. १९६२ सालीं सिंगापुरास दुसरी मंडळी निघाली व त्यानंतर हा प्रकार जगभर पसरला.

वेगाचा तोरा उतरवून सर्वांना एकत्र ठेवणारी ही फांट्यांची युक्ती आम्हांस मोठी मार्मिक वाटते. तथापि एक गोष्ट दृष्टीआड करतां येत नाहीं. आरंभींचे सभासद बहुतेक युरोपीय पुरुष होते. रबराचे मळे, वाटा व रानें मलायाचीं. पण त्या वाटांवर परका भेटे तो परक्यालाच. देशाचे रहिवासी मंडळीबाहेर राहिले. याला सोबत म्हणावें; पाहुणचार म्हणवत नाहीं.

पाहुणचाराचा खरा आरंभ २ ऑक्टोबर २००४ रोजीं लंडनच्या बुशी पार्कांत झाला. पॉल सिंटन-ह्युइट या गृहस्थास दुखापतीमुळें धांवतां येईना. मित्रांची गांठ तर पडावी, म्हणून त्यानें त्यांची धांव भरविली. तेरा जण धांवले. अनुक्रम कळावा म्हणून पोहोंचणाऱ्याच्या हातीं आंकडा ठोकलेला लोखंडी वायसर देत. हीच धांव पुढें 'पार्करन' या नांवानें प्रसिद्ध झाली. हिला प्रवेशशुल्क नाहीं. एकदां नोंद करून मिळालेला बारकोड कोणत्याहि देशांतील पार्करनला चालतो. धांवेपूर्वीं परगांवच्या पाहुण्यांचें सर्वांसमक्ष स्वागत होतें, आणि सर्वांच्या मागें एक स्वयंसेवक मुद्दाम चालत येतो, म्हणजे शेवटचें येण्याची नामुष्की कोणाच्याच वांट्यास येत नाहीं. २०१८ सालीं खुद्द क्वालालंपुरांतहि ही धांव सुरू झाली. ऐंशी वर्षांपूर्वीं ज्या शहरांत रहिवासी मंडळीबाहेर होते, तेथें आतां यजमानपण त्यांच्याकडे आलें.

परंतु फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कोणीतरी देतच असतो. २०१६ सालीं ब्रिस्टलजवळील लिटल स्टोक येथील ग्रामपरिषदेनें धांवणारांकडून उद्यानाच्या देखभालीसाठीं पैसे मागण्याचा ठराव केला. पार्करननें तत्त्व म्हणून नकार दिला व तेथील धांव बंद पडली. ग्रामपरिषदेचें म्हणणें सर्वस्वीं अन्यायाचें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. वाटा झिजतात, आणि त्यांची दुरुस्ती करदात्याच्या पैशानेंच होते. पण दारावर पैशाची पेटी ठेवली कीं पाहुण्याचें गिऱ्हाईक होतें, आणि गिऱ्हाइकास नातें जोडण्याचें कारण उरत नाहीं. म्हणून पार्करनचा नकार आम्हांस योग्य वाटतो.

मात्र या नकारानें पाहुण्यावर एक ऋण चढतें. कोणी पहांटे उठून खुणेचे बाण रोंवतो, कोणी वळणावर थंडींत उभा राहतो, कोणी घड्याळ धरतो. त्यांपैकीं कोणालाहि वेतन नाहीं. परदेशांत अशा धांवेंत शिरलेल्या प्रवाशानें तेथें मुक्काम असेतों एक शनिवार न धांवतां स्वयंसेवकाचें काम मागून घ्यावें. तें परक्यालाहि मिळतें, आणि त्या दिवशीं वाट दाखविणारा तोच असतो.