लंडनची कब्रस्तान आणि ब्रूकवुड गाव

अब्दुल्ला युसुफ अली यांचा इंग्रजी कुरआन आपल्याकडच्या अनेक घरांत असतो. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेला आणि पुढे आय.सी.एस. झालेला हा माणूस कुठे दफन आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. इंग्लंडच्या सरे परगण्यात ब्रूकवुड नावाचं लहानसं गाव आहे, तिथे. दुसरे मोठे अनुवादक मार्माड्यूक पिक्थॉल यांचीही कबर तिथेच आहे. दोघे तिथेच का, हे शोधायला गेलो तेव्हा कळलं की हे गावच मुळी लंडनच्या मय्यतींमुळे वसलं.

1801 साली लंडनची वस्ती दहा लाखांच्या आसपास होती, 1851 साली ती तेवीस लाखांच्या पुढे गेली. चर्चच्या आवारातली दफनाची जागा मात्र होती तेवढीच. नवी मय्यत आली की जुनी हाडं उकरून बाजूला टाकायची, असा प्रकार सर्रास चाले. त्यात 1848-49 च्या कॉलऱ्याने शहरात चौदा हजारांच्या आसपास माणसं नेली. शेवटी 1852 साली पार्लमेंटने कायदा करून एका कंपनीला शहराबाहेर प्रचंड कब्रस्तान उभारायची परवानगी दिली. कंपनीने लंडनपासून सदतीस किलोमीटरवर, वोकिंगच्या माळावर, ऑन्स्लोच्या अर्लकडून दोन हजार एकरांहून जास्त जमीन घेतली.

जमीन रेताड आणि पिकाला निकामी, म्हणून स्वस्त. पण निकामी कोणासाठी? आसपासची गरीब माणसं तिथे गुरं चारत आणि चुलीसाठी जळण काढत. गायरानावरचा हा पिढीजात हक्क गेला. मोठ्या शहराला जागा लागते तेव्हा ‘पडीक’ ठरते ती बहुधा अशाच लोकांची जमीन.

नोव्हेंबर 1854 मध्ये वॉटर्लूजवळून मय्यतींची खास रेल्वे सुरू झाली. सोबतच्या नातेवाइकांना जाण्या-येण्याचं तिकीट, शवपेटीला फक्त जाण्याचं. मेलेल्यांनाही तीन वर्ग होते: पहिल्या वर्गाच्या शवपेटीला एक पौंड, तिसऱ्या वर्गाच्या शवपेटीला अडीच शिलिंग. अब्रूदार घरातली मय्यत आणि बदफैली माणसाची मय्यत एकाच गाडीतून नेणं लंडनच्या बिशपना तर मुळीच पटत नव्हतं. कब्रस्तानात दोन स्टेशनं होती, दक्षिणेचं अँग्लिकनांसाठी आणि उत्तरेचं बाकी सगळ्यांसाठी. एक गोष्ट मात्र कंपनीच्या बाजूने सांगायला हवी. लंडनमध्ये गरिबांना एकावर एक, सामायिक खड्ड्यात पुरत. इथे खैरातीवर दफन होणाऱ्यालाही स्वतःची वेगळी कबर मिळे.

1864 साली मुख्य मार्गावर ब्रूकवुड स्टेशन झालं आणि त्याच्याभोवती कबरी खोदणारे, दगड घडवणारे, माळी यांची वस्ती वाढली. कंपनीकडे जमीन गरजेपेक्षा कितीतरी जास्त होती, ती ती विकू लागली. 1860 साली शेजारी आजारी कैद्यांचा तुरुंग आला, 1867 साली वेड्यांचं इस्पितळ. शहराला जे जे डोळ्यांसमोर नको होतं, ते एका माळावर जमा होत गेलं. उरलेल्या जमिनीवर वोकिंग शहर वाढलं.

याच विकलेल्या जमिनीवर म्हाताऱ्या नटांसाठी बांधलेली एक इमारत होती. ती ओस पडली तेव्हा लाहोरहून परतलेले डॉ. लाइटनर यांनी 1884 साली ती घेऊन पौर्वात्य विद्येची संस्था काढली. तिच्या आवारात 1889 साली भोपाळच्या शाहजहान बेगम यांच्या पैशातून मशीद उभी राहिली. लाइटनर यांनी ब्रूकवुडमध्ये मुसलमानांसाठी जागाही राखून घेतली. तिथल्या पहिल्या कबरींपैकी एक आहे शेख नुबी या हिंदुस्थानी बाजीगराची. तो लंडनच्या प्रदर्शनात खेळ करायला आला होता आणि 1895 साली परमुलखातच वारला. पारशांना तर 1862 पासूनच इथे जागा होती. जमशेटजी टाटा तिथेच आहेत. चर्चच्या आवारात ज्यांना जागा नव्हती त्यांना ती इथे मिळाली, हे मला या साऱ्या व्यवहारातलं सर्वांत विलक्षण वाटतं. कंपनीला धंदा करायचा होता, आणि धंद्यापुढे धर्म आडवा आला नाही.

पिक्थॉल 1936 साली इथे आले. 1920 च्या दशकात ते मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते, आणि 1930 साली त्यांचा अनुवाद निघाला तेव्हा हैदराबादला निजामाच्या नोकरीत.

एप्रिल 1941 मध्ये जर्मन बॉम्बनी मय्यतींच्या गाडीचं लंडनमधलं स्टेशन उद्ध्वस्त केलं आणि ती गाडी कायमची बंद पडली. युसुफ अलींची मय्यत गेली ती त्यानंतर बारा वर्षांनी. डिसेंबर 1953 च्या थंडीत ते लंडनच्या एका दारापाशी भरकटलेल्या अवस्थेत सापडले आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळात वारले. मय्यत घ्यायला घरचं कोणी आलं नाही. पाकिस्तानच्या वकिलातीत त्यांना ओळखणारे होते. त्यांनी दफनाची व्यवस्था केली आणि मय्यत ब्रूकवुडला नेली.