ड्रेटन हॉलचे साल

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटनजवळ ॲशली नदीच्या काठी ड्रेटन हॉल ही विटांची हवेली उभी आहे. तिचे बांधकाम १७३८ ते १७४२ मधले, असे वर्षानुवर्षे छापले जात होते. या सालाचा आधार शोधू लागले की हाती येतो तो जमिनीचा व्यवहार. डिसेंबर १७३७ मध्ये ‘साउथ कॅरोलायना गॅझेट’मध्ये या जागेच्या विक्रीची जाहिरात आली आणि १७३८ मध्ये जॉन ड्रेटनने ती घेतली. एवढे पक्के. जमीन घेताच पाया खणला, हा मात्र तर्क. शिवाय जाहिरातीत त्या जागेवर आधीच चांगले राहते घर असल्याचा उल्लेख आहे. मग नव्या मालकाला घाई कशासाठी असेल?

या तर्काला धक्का दिला तो माळ्यावरच्या मूळ तुळयांनी. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. पाऊसपाणी चांगले असेल तर रुंद, अवर्षणात अरुंद. हा क्रम त्या प्रदेशातल्या ज्ञात क्रमाशी ताडून पाहतात. तुळईच्या कडेला सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असेल, तर झाड कोणत्या हंगामात पडले तेही कळते. ड्रेटन हॉलची लाकडे १७४७-४८ च्या हिवाळ्यात तोडलेली निघाली. म्हणजे छप्पर त्याआधी चढलेले असणे अशक्य. पाया कधी घातला, हे मात्र माळ्याचे लाकूड सांगू शकत नाही. झाडे तोडणारे हात बहुधा गुलामांचे असावेत. हा अंदाज आहे, पण ड्रेटनची सारी मालमत्ताच गुलामांच्या कष्टांवर उभी होती, हे पाहता तो भक्कम आहे.

वास्तुरचनेचा साक्षीदार आहे एक जलरंगचित्र. प्येर युजेन द्यु सिमितिएरने १७६५ मध्ये काढलेल्या या चित्रात मुख्य घराच्या दोन्ही अंगांना एकेक इमारत दिसते. आज दोन्ही नाहीत. एक १८८६ च्या भूकंपाने गेली, दुसरी १८९३ च्या चक्रीवादळाने. म्हणजे आज दिसणारे सुटे, एकटे घर ही मूळ योजना नव्हे.

१९७४ मध्ये ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेकडे आलेल्या या घरात नळ आणि वीज कधी शिरलीच नव्हती. ट्रस्टनेही ते नव्याने सजवले नाही. जुने लाकूड आणि गिलावा तपासायला मिळतात ते यामुळेच. जुन्या पुस्तकांत १७३८ हे साल दिसले, तर ते जमीनखरेदीचे समजावे, घराचे नव्हे.