व्ही.पी. परत आली!

परवा ऑफिसात वाद झाला. एका गिऱ्हाइकाने पैसे आधीच भरलेत, पण पार्सल तीनदा नेऊनही घेतलं नाही. रिफंड पूर्ण द्यायचा की भाडं कापून? मी आपला 'कापा' पार्टीत. घरी येऊन जरा वाचत बसलो, तर हे दुखणं भलतंच जुनं निघालं.

आपल्याकडे पोस्टाने व्ही.पी. सुरू केली १८७७ मध्ये. पोस्टमन पार्सल दारात आणणार, पैसे घेणार, मगच ते हातात देणार. गिऱ्हाईक नाही म्हणालं की पार्सल परत आणि टपालखर्च विक्रेत्याच्या बोकांडी. रिफंडचा प्रश्नच नाही, पैसे घेतलेतच कुठे! १८९८ च्या पोस्ट कायद्यात तर सरळ लिहिलं होतं, घेणाऱ्याकडून पैसे मिळेपर्यंत त्या रकमेची जबाबदारी सरकारवर नाही.

पण गंमत पुढेच आहे. माल खऱ्या ऑर्डरवरूनच पाठवतोय असं विक्रेत्याकडून लिहून घ्यायची सोयही त्याच कायद्यात होती. फसवणूक असेल तर वसूल झालेले पैसे अडवून घेणाऱ्याला परत द्यायचीसुद्धा. म्हणजे संशय दोन्हीकडे!

माझं 'कापा' जरा ढिलं पडलं. सोमवारी आधी कुरिअरच्या नोंदी काढल्या. तिसऱ्या खेपेचा शेरा 'घेतलं नाही', वेळ रात्री पावणेबारा.