मृत्युपत्र
आपल्या पश्चात मिळकतीची व्यवस्था कशी व्हावी हे सांगणारा लेख. यालाच इच्छापत्र असेही म्हणतात. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 नुसार तो लेखी हवा आणि त्यावर करणाऱ्याची व किमान दोन साक्षीदारांची सही हवी. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी ऐच्छिक असली तरी दुय्यम निबंधकाकडे ती केलेली बरी. पुढे खरेखोटेपणाचा वाद उठल्यास तिचा आधार होतो.

पुण्यात मोठा गैरसमज सदनिकेच्या नामनिर्देशनाबद्दल आहे. सोसायटीच्या दप्तरी नाव असलेला नॉमिनी मालक होत नाही. सहकारी संस्था कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार वारस ठरेपर्यंत तो तात्पुरता सभासद असतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. मिळकत पत्रिकेवर कित्येकदा आजोबा-पणजोबांचीच नावे राहिलेली असतात, आणि वाडा वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाचा असेल तर मृत्युपत्र फक्त स्वतःच्या हिश्शापुरते करता येते. त्यात मुलींचा जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने 1994 मध्येच मान्य केला होता. त्याआधी लग्न झालेल्या मुली मात्र वगळल्या गेल्या. हा अन्याय हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने दूर झाला.

बक्षीसपत्राने घर हयातीतच देता येते, पण ते सहसा मागे घेता येत नाही. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते. शेवटचे वैध ठरते.